लोह्यात लोटस बनेल का?

नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागलं की लोह्यात फॅब्रिकेशनची दुकानं दिसतात. बाहेर ट्रॅक्टरची अर्धवट ट्रॉली उभी असते, आत लोखंडी गेट आणि पत्र्याच्या शेडच्या कैच्या टेकवून ठेवलेल्या. अशाच एका दुकानात मी बसलो होतो. आयटीआयला जाणारा एक मुलगा आला आणि त्याने मिस्त्रींसमोर मोबाईल धरला. पडद्यावर एक गाडी होती. छप्पर नाही, दारं नाहीत, पुढे लांबच लांब बॉनेट, चाकं अंगाबाहेर आलेली.

"मामा, असली गाडी बनतीय का आपल्याकडं?"

मिस्त्रींनी चष्मा वर सरकवून फोटो बराच वेळ पाहिला. "बनतंय की. नुसता पाइपाचा सांगाडा हाय. पण पासिंगचं काय करतोस?"

जुन्या रेसच्या गाडीसारखी गाडी घेता येईल का, बनवता येईल का, आणि ती रस्त्यावर चालवता येईल का, हे तीन प्रश्न मला बरेच जण विचारतात. त्यांतले शेवटचे दोन मिस्त्रींच्या बोलण्यात आले होते. आपण तिन्ही एकेक करून सोडवू.

१. अस्सल, नवी अस्सल, प्रतिकृती आणि नुसतं रूप

घरात आजीची पैठणी असते. ती अस्सल. येवल्यातल्या ज्या घराण्याने ती विणली, त्याच घराण्याने त्याच नक्षीची आणि त्याच रेशमाची साडी आज पुन्हा विणली, तर ती नवी असली तरी तिचं कूळ तेच. दुसऱ्या विणकराने जुनी साडी समोर ठेवून, धागे मोजून तशीच विणली, तर ती प्रतिकृती. आणि यंत्रावर मोराची नक्षी छापली, तर ते नुसतं रूप.

गाड्यांमध्येही हेच चार प्रकार आहेत. फेरारी २५० जीटीओ ही १९६२ ते १९६४ या काळातली रेसची गाडी. ती फक्त ३६ बनली. त्यांतली एक २०१८ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. ही झाली अस्सल गाडी. जग्वारने १९६३ मध्ये ई-टाइपच्या हलक्या वजनाच्या १८ रेस गाड्या बनवायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात १२ झाल्या. उरलेल्या ६ त्याच कंपनीने २०१४ मध्ये बनवायला घेतल्या. या नव्या अस्सल. शेल्बी कोब्रा मुळात हजाराच्या आसपासच बनली, पण तिच्यासारख्या हजारो गाड्या जगभरच्या छोट्या कारखान्यांनी आणि हौशी माणसांनी उभ्या केल्या. या प्रतिकृती. आणि साध्या हॅचबॅक गाडीवर फायबरचं लाल कवच चढवून फेरारीचं घोड्याचं चिन्ह लावलं, तर ते रूप.

प्रतिकृतीत कमीपणा काहीच नाही. ती अस्सल म्हणून विकली तर मात्र ती फसवणूक होते. म्हणून मूळ कंपनीचं बोधचिन्ह प्रतिकृतीवर लावू नये. इटलीत बोलोन्याच्या न्यायालयाने २०१९ मध्ये २५० जीटीओच्या आकाराला कलाकृती म्हणून संरक्षण दिलं आणि तिची नक्कल करू पाहणाऱ्या कंपनीला अडवलं. कोणती गाडी निवडायची, हे ठरवताना हेही ध्यानात ठेवावं लागतं.

२. कोणत्या गाडीची?

मुलाच्या मोबाईलवर होती लोटस सेव्हन. माझ्या मते घरी बनवायची तर हीच. यामागे आवडीइतकंच कारणही आहे.

फोर्ड जीटी४० घ्या. १९६६ ते १९६९ अशी सलग चार वर्षं तिने फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. दिसायला देखणी. पण तिच्या अंगावर सरळ रेघ शोधून सापडत नाही. तिचं अंग बनवायचं म्हणजे आधी पूर्ण आकाराचा साचा हवा, साच्यासाठी मूळ गाडीची मापं हवीत, आणि ती मापं आपल्याला मिळणार कुठून? सेव्हनचं तसं नाही. तिचं अंग म्हणजे बहुतेक सपाट पत्रा. वळण आहे ते नाकाशी आणि चाकांवरच्या मडगार्डांना. गेट बनवणाऱ्या हाताला ही गाडी परकी वाटत नाही.

दुसरं कारण तिच्या जन्मातच आहे. इंग्लंडच्या कॉलिन चॅपमनने १९५७ मध्ये ही गाडी आणली तेव्हा तिकडे तयार मोटारीवर जबर खरेदीकर होता. सुट्या भागांवर तो लागत नव्हता. म्हणून चॅपमनची लोटस कंपनी गाडी सुट्या भागांत द्यायची आणि गिऱ्हाईक ती घरी जोडायचं. म्हणजे ही गाडी मुळातच घरच्या पडवीत जोडता यावी अशी होती. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले आणि तो वंश आजही चालू आहे.

पुढे रॉन चॅम्पियन नावाच्या एका इंग्रज शिक्षकाने, अवघ्या २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार कशी बांधावी, याचं पुस्तक लिहिलं. ते १९९६ मध्ये आलं. पाइप कोणता, किती लांबीचा कापायचा, जुन्या फोर्ड एस्कॉर्टचं काय काय काढून घ्यायचं, हे सगळं त्यात होतं. त्या पुस्तकावरून जगभर लोकांनी गाड्या बांधल्या. त्यांना सेव्हनच्या चुलत घराण्यातल्या म्हणता येईल.

३. अलिबागची गाडी

आपल्याकडे असं कुणी केलंय का? केलंय, आणि महाराष्ट्रातच. रायगड जिल्ह्यातल्या अलिबागला गिडो बोथे या मूळच्या जर्मन माणसाने चिंकारा मोटर्स उभी केली. चिंकाराची रोडस्टर ही उघडउघड सेव्हनच्या वळणाची गाडी. अंग फायबरचं, बसायला दोन माणसं, चाकं बाहेर. इंजिन इसुझूचं १.८ लिटरचं, जे हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसडर आणि कॉन्टेसात बसायचं.

मला यातली इंजिनाची निवड फार महत्त्वाची वाटते. बोथेंनी विलायती रेस इंजिनाचा हट्ट धरला नाही. ज्याचे सुटे भाग या देशात मिळत होते आणि जे आपले मेकॅनिक डोळे झाकून खोलत होते, तेच इंजिन त्यांनी घेतलं. अँबॅसडर चालणाऱ्या गावांत त्या इंजिनाला हात लावणारा माणूस सापडायचा. मूळ सेव्हनच्या वेळी चॅपमननेही हेच केलं. सुरुवातीच्या गाड्यांत त्याने फोर्डच्या साध्या मोटारीतलं ११७२ सीसीचं इंजिन बसवलं. त्याची ताकद जेमतेम ४० अश्वशक्ती होती. प्रतिकृतीत मापं मूळची घ्यावीत आणि यंत्र आपल्या मुलखातलं. असं केलं की ती गाडी वापरात राहते, नाहीतर एका सुट्या भागावाचून कोपऱ्यात उभी राहते.

४. कैचीचं गणित

आता सांगाडा. मेकॅनिक त्याला चासी म्हणतात. ट्रकच्या चासीत दोन जाड लांब पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये आडव्या पट्ट्या असतात, शिडीसारख्या. सेव्हनचा सांगाडा वेगळा आहे. तो बारीक पाइपांचा, त्रिकोणा-त्रिकोणांनी बांधलेला पिंजरा आहे.

त्रिकोणच का? जुन्या खाटेवर बसून बघा. चार पाय, चार गाती, आणि खाट डुलते. तिच्या एका बाजूला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी पट्टी ठोका, त्या बाजूचं डुलणं थांबतं. चौकोनाच्या बाजू तेवढ्याच राहूनही तो कलू शकतो. त्रिकोण बाजूची लांबी बदलल्याशिवाय कलत नाही. शेडची कैची याच तत्त्वावर उभी असते, म्हणून ती बारीक अँगलची असूनही सगळा पत्रा आणि वारा पेलते. लोह्यातला मिस्त्री कैची रोज बनवतो. तीच कैची आडवी करून तिला चाकं लावायची, एवढाच बदल.

चॅम्पियनच्या पुस्तकातला मुख्य पाइप २५ मिलिमीटरचा चौकोनी, १.६ मिलिमीटर जाडीचा. हे सांगितल्यावर आपला मिस्त्री हमखास म्हणतो, एवढा पातळ? जाड लावू, तुटायला नको. ट्रॉलीसाठी हे बरोबर आहे. ट्रॉलीत ऊस भरायचा असतो. इथे मात्र हीच सवय घात करते. हिशेब करून पाहू.

२५ मिलिमीटरचा पातळ चौकोनी पाइप मीटरला सुमारे १.२ किलो भरतो. बाजारात मिळणारी वीस फुटी, म्हणजे सहा मीटरची, एक लांबी सात किलोची. समजा अशा आठ लांब्या लागल्या. सांगाडा झाला ५६ किलोचा. आता तेवढाच पाइप ५० मिलिमीटरचा आणि ३ मिलिमीटर जाडीचा लावला. तो मीटरला साडेचार किलोच्या जवळ जातो. सांगाडा झाला २१० किलोंच्या वर. म्हणजे गाडी रस्त्यावर यायच्या आधीच तिच्यात दोन धट्टीकट्टी माणसं कायमची बसली.

पातळ पाइपाला वेल्डिंगही वेगळं लागतं. रॉडच्या वेल्डिंगने तो लगेच जळून भोक पडतं. सीओटू वेल्डिंग बरं, आणि आता तालुक्याच्या गावांतही ते मिळतं. एक सांधा पूर्ण भरून मग दुसऱ्याकडे जायचं नाही. लोखंड तापलं की ओढतं. आधी सगळीकडे नुसते टाके मारायचे, मापं तपासायची, मग इकडचा एक सांधा आणि लांबचा एक, असं फिरत फिरत भरायचं.

मापं तपासायची युक्ती गवंड्याकडून घ्या. घराची आखणी करताना तो समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोरी धरतो, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांत. दोन्ही कर्ण सारखे आले की चौकोन काटकोनात. समजा सांगाड्याचा तळ २४०० मिलिमीटर लांब आणि ९०० मिलिमीटर रुंद आहे. कर्ण २५६३ यायला हवा. एका बाजूची लांब पट्टी दुसरीपेक्षा १० मिलिमीटर पुढे सरकली असेल, तर डोळ्यांना ते दिसणार नाही. पण एक कर्ण २५७३ येईल आणि दुसरा २५५४. एक सेंटिमीटरची चूक दोरीवर जवळजवळ दोन सेंटिमीटर होऊन दिसते. ही चूक तशीच राहिली तर पुढची आणि मागची चाकं एका रेषेत येत नाहीत, आणि गाडी आयुष्यभर एका बाजूला ओढत राहते. ट्रॉली थोडी तिरकी असली तरी ट्रॅक्टर तिला ओढून नेतो. इथे ओढणारं दुसरं कुणी नाही.

५. ऑम्नीचं इंजिन पुरेल?

सेव्हनमध्ये इंजिन पुढे उभं, त्यामागे गिअरबॉक्स, तिथून मागे जाणारा फिरता दांडा, आणि ताकद मागच्या चाकांना. मारुती ८०० चं इंजिन हलकं आणि स्वस्त, पण तिथे ताकद पुढच्या चाकांना जाते. म्हणून ते सेव्हनच्या रचनेत सरळ बसत नाही. मारुती ऑम्नी मात्र मागच्या चाकांवर चालते. इंजिन ७९६ सीसीचं, गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत सगळी ओळ तयार. ऑम्नीचे भाग आपल्याकडच्या भंगारात आजही दिसतात.

ताकद साधारण ३५ अश्वशक्ती. यात रेस कसली, असं वाटेल. इथे एक कल्पना समजून घेऊ. गाडी किती चपळ आहे, हे नुसत्या ताकदीवर ठरत नाही. एक टन वजनाच्या वाट्याला किती ताकद येते, त्यावर ठरतं.

ऑम्नीचं वजन सुमारे ७८५ किलो. ड्रायव्हर ७० किलोचा धरला की ८५५. मग ३५ अश्वशक्तीचा टनामागे वाटा येतो ४१. तेच इंजिन ५०० किलोच्या सेव्हनमध्ये घाला. ड्रायव्हर धरून ५७०. वाटा झाला ६१. त्याच इंजिनातून टनामागे वीस अश्वशक्ती जास्त मिळाल्या, एक रुपया न घालता. आता मिस्त्रींचा जाड पाइप आठवा. त्याने १५५ किलो वाढवले. वजन ७२५, वाटा ४८. विसातल्या तेरा गेल्या, हाती सात राहिल्या. चॅपमनने आयुष्यभर वजनाशी जे भांडण मांडलं, ते या तीन भागाकारांत आहे.

काही गोष्टी ऑम्नीकडून तशाच घेता येत नाहीत. ऑम्नीत ड्रायव्हर पुढच्या चाकांवर बसतो, सेव्हनमध्ये मागच्या ॲक्सलला जवळजवळ पाठ टेकवून. त्यामुळे स्टिअरिंगचा दांडा, गिअरची कांडी, पेडल, सगळं नव्याने बसवावं लागतं. स्टिअरिंगच्या दांड्यात जोड द्यायचा झाला तर तो दुकानात हाताने वेल्ड करू नये. एखाद्या गाडीचा कंपनीचा तयार जोड शोधावा. सांगाड्यात एखादा टाका कच्चा राहिला तर गाडी कुरकुरते. हा एक जोड सुटला तर हातात नुसतं चाक उरतं.

वजनाच्या वाटणीबद्दल बैलगाडीवाल्याला वेगळं शिकवावं लागत नाही. मागे जास्त भरलं की गाडी उलाळते, पुढे भरलं की जू बैलांच्या मानेवर बसतं. सेव्हनमध्ये इंजिन पुढच्या ॲक्सलच्या मागे सरकवलेलं असतं आणि माणूस मागे, त्यामुळे दोन्ही ॲक्सलवर भार बराचसा सारखा पडतो. ब्रेकचं गणितही यावरच. हलक्या गाडीला ऑम्नीचे ब्रेक ताकदीला पुरतात, पण पुढच्या आणि मागच्या चाकांत त्यांची वाटणी नव्याने जुळवावी लागते. मागची चाकं आधी जाम झाली तर गाडी गर्रकन फिरते. म्हणून पहिले ब्रेक मोकळ्या मैदानात, सावकाश वेगात मारून बघायचे, आणि पुढची चाकं आधी थांबतात याची खात्री करायची.

६. घ्यायची झाली तर

सगळ्यांना बांधायची नसते. कुणाला जुनी चिंकारा किंवा तशी दुसरी गाडी मिळते. मग बघायचं काय?

लोहा तालुक्यातच माळेगाव आहे. मार्गशीर्षातल्या खंडोबाच्या यात्रेत तिथे घोड्यांचा बाजार भरतो. पारखी माणूस आधी झूल बघत नाही. तो घोड्याचे दात बघतो, खूर उचलून बघतो, चालवून बघतो. प्रतिकृतीचा रंग म्हणजे झूल. गाडी जॅकवर घ्या, खाली झोपा, टॉर्च मारा. सांधे गंजलेत का, एकाच पाइपावर दोनदा वेल्डिंग झालंय का, फायबरला बोल्टच्या भोकांपाशी भेगा आहेत का, हे बघा. मग नोंदणी पुस्तक हातात घेऊन चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचा, कापडाने पुसून, आकडा न् आकडा. पुस्तकात एक इंजिन आणि गाडीत दुसरं असेल, तर कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या.

७. पासिंगचं काय करतोस?

मिस्त्रींचा प्रश्न आता घेऊ, कारण पाइप कापण्याआधी त्याचं उत्तर माहीत हवं.

सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवायची तर तिची नोंदणी हवी. नवी गाडी बनवणाऱ्याला तिचा नमुना सरकारमान्य संस्थेकडून तपासून मंजूर करून घ्यावा लागतो. पुण्यातली एआरएआय ही अशीच संस्था, १९६६ पासूनची. ब्रेक, धूर, दिवे, सगळ्याच्या चाचण्या होतात. ही व्यवस्था कारखान्यांसाठी आहे. घरी एकच गाडी बांधणाऱ्याला ती परवडण्यासारखी नाही.

मग लोक दुसरी वाट काढतात. जुन्या ऑम्नीचं नोंदणी पुस्तक ठेवायचं आणि त्यावर नवी गाडी चालवायची. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ याला आडवं येतं. कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली.

मग जुन्या गाड्यांची सवलत? २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना वेगळी नोंदणी दिली. त्यांच्या नंबरात व्हीए ही अक्षरं असतात. पण वय मोजतात ते त्या गाडीच्या पहिल्या नोंदणीपासून. १९५७ च्या वळणाची आज बांधलेली गाडी आजचीच.

घरी बांधलेल्या गाडीचं पुढे काय होतं, याचं उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावात आहे. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सामानातून, सुमारे साठ हजार रुपयांत, किकने सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं. नियमांत बसत नसल्याने अधिकारी आज ना उद्या ही गाडी थांबवतील, हेही त्यांनी सांगितलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहारांना बोलेरो मिळाली आणि त्यांची गाडी महिंद्रांकडे गेली. एवढं कौतुक होऊनही त्या गाडीची रस्त्याची अडचण सुटली नव्हती.

तेव्हा लोह्यात बांधलेली सेव्हन एमएच २६ ची पाटी लावून कंधारच्या रस्त्याला निघेल, हा विचार सोडावा लागतो. ती चालेल खासगी जागेत, कॉलेजच्या मैदानावर परवानगीने, किंवा रेसच्या बंदिस्त ट्रॅकवर, तिथल्या नियमांप्रमाणे डोक्यावर रोल बार आणि खांद्यांचे पट्टे बसवून. ट्रॅकपर्यंत तिला पिकअपमध्ये घालून न्यायचं. रेसच्या गाड्या असाच प्रवास करतात. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० च्या इंजिनावर एका माणसाच्या रेस गाड्या बांधल्या, त्याही ट्रॅकसाठीच. फॉर्म्युला मारुती नावाच्या त्या गाड्यांत देशातल्या कितीतरी मुलांचा हात बसला, रेसर नारायण कार्तिकेयनचासुद्धा.

मुलाला मी हे सगळं सांगितलं. पासिंग नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "मग मैदानात तर चालतीय ना?"

मिस्त्रींनी ट्रॉलीचं काम थांबवलं आणि दुकानापुढचा कोबा झाडून घेतला. खिशातला खडू काढून २४०० बाय ९०० चा चौकोन आखला, दोन्ही कर्ण टेपने मोजले आणि एक कोपरा पुसून पुन्हा आखला. मागच्या ॲक्सलची रेघ ओढून मुलाला म्हणाले, "बस हितं. पाय पसर." तो जमिनीवर बसला. मिस्त्रींनी त्याच्या बुटांच्या टोकाशी खूण केली, पेडलसाठी, आणि तिथून इंजिनाला किती जागा उरते ते मोजायला टेप पुढे सरकवला.